शॉक नव्हे, ठोका

मी मुतखडे फोडायचं काम केलं. आता निवृत्त झाले तरी कुणी विचारलं की हेच सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघते. नाशिकला आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही नोकरीत होतात ना? कशात?" म्हटलं, "मुतखडे फोडत होते." वाण घ्यायला पुढे आलेला त्यांचा हात जागच्या जागी थांबला. मग त्यांनीच माझी बाजू सावरली, "म्हणजे किडनी स्टोन!" हो, तेच. इंग्रजीत म्हटलं की तो दगड आंघोळ करून, कपडे बदलून येतो. पण एकदा का कळ उठली की नाशिकचा प्राध्यापकसुद्धा "आई गं, मुतखडा" असंच ओरडतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

माझ्या पदाचं नाव लिथोट्रिप्सी टेक्निशियन. हा शब्द मला स्वतःलाच नीट उच्चारायला काही महिने लागले, त्यामुळे तुम्ही घाई करू नका. काम मात्र समजायला सोपं आहे. पूर्वी मुतखडा काढायचा म्हणजे कुशीवर वीतभर चिरा देऊन मूत्रपिंड उघडावं लागे. आमचं यंत्र चिरा न देता, सुई न टोचता, बाहेरूनच खडा फोडतं. टेबलाखाली पाण्याने भरलेली एक रबरी उशी असते. उशीच्या मागे धातूची चकती. तिला विजेने हलवलं की ती थरारते आणि पाण्यात दाबाची एक लाट उठते. लहानपणी भिंगातून ऊन एका ठिपक्यावर गोळा करून तुम्ही कागद जाळला असेल. तशीच ही लाट एका ठिपक्यावर गोळा करायची आणि त्या ठिपक्यावर नेमका खडा आणून ठेवायचा. आपलं अंग बरंचसं पाणीच असल्यामुळे लाट कातडीतून, मांसातून गुपचूप निघून जाते. खड्यावर मात्र ती आपटते. पुन्हा पुन्हा आपटली की खड्याची रेती होते आणि ती लघवीवाटे पडून जाते.

यात माझं कौशल्य काय, तर नेम. माणूस श्वास घेतो तसं मूत्रपिंड खालीवर होतं, म्हणजे खडासुद्धा हलतो. पडद्यावर त्याला पकडून ठेवायचं, लाट द्यायची, पुन्हा पकडायचं. उशी आणि कातडी यांच्यामध्ये जेल लावायचं आणि त्यात एक बुडबुडा राहू द्यायचा नाही, कारण हवा आडवी आली की लाट तिथेच अडते. मी पोळीला तूप लावते त्याहून जास्त मनापासून जेल लावत आले. आमच्या यजमानांची याबद्दल तक्रार आहे.

आमचं यंत्र फिरतं होतं. नाशिकहून गाडीत घालून ते वेगवेगळ्या गावांच्या दवाखान्यांत न्यायचं, दोन दिवस ठेवायचं, खडे फोडायचे आणि परत निघायचं. जव्हारची पाळी आली की मी ती कुणाला देत नसे. त्र्यंबकवरून घाटाने मोखाडा आणि तिथून पुढे जव्हार हा रस्ता यंत्राला आणि माझ्या मणक्याला सारखाच खडतर, पण जव्हार माझं माहेर. वडील तिथे प्राथमिक शिक्षक होते. आमचं मूळ घर खालच्या पाड्यावरचं, नागली-भाताच्या शेतीतलं. घरात बोली, शाळेत पुस्तकी मराठी असं माझं बालपण गेलं. शहरात राहून बोली बोथट झाली, पण समोरचा माणूस कण्हत असेल तर मला अजूनही ती आपोआप येते.

जव्हारला आमचा मुक्काम एका ट्रस्टच्या दवाखान्यात असे. नाशिकचे मूत्ररोगतज्ज्ञ, ज्यांना मी इथे नुसतं डॉक्टर म्हणेन, आमच्याबरोबर येत. माणूस हुशार, हाताला यश, पण स्वभाव घड्याळाचा. आमच्या भागात मोठ्या माणसाला अहो-जाहो करायची पद्धत नाही. कलेक्टर आला तरी तो "तू"च. पहिल्यांदा एका म्हातारीने "ए दाक्तर, तू जेवलास का?" असं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं, मागे कुणी मुलगा उभा आहे का ते. पुढे त्यांना ते आवडू लागलं. नाशिकमध्ये त्यांना जेवलास का असं विचारणारं कुणी नव्हतं.

तऱ्हेतऱ्हेची माणसं आली. एक गुरुजी दोनदा रांगेत उभे राहून परत गेले. तिसऱ्यांदा सगळे गेल्यावर आत आले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "मॅडम, या लाटा म्हणे दुसऱ्याही कामाला वापरतात." मोबाइलवर त्यांनी कसला तरी व्हिडिओ पाहिला होता. मला प्रश्न कळला, पुरुषी दुखण्याचा होता. म्हटलं, "वापरतात, गुरुजी. पण त्या सौम्य लाटा, त्याचं यंत्र वेगळं. खडा फोडायचा नसतो तिथे, रक्तपुरवठा सुधारतो का ते बघायचं असतं. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. तुम्ही डॉक्टरांशी बोला." तर गुरुजी लाजून म्हणाले, "छे! ते पुरुष आहेत. त्यांच्यापुढे कसं बोलू?" मी बाई असल्यामुळे गुरुजींना बरं वाटत होतं! शेवटी मीच त्यांना हाताला धरून आत नेलं. तपासलं तर साखर भरमसाट वाढलेली. गोळ्या सुरू झाल्या आणि लाटांची गरज पडली नाही, असं मला पुढे त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं.

पण मला सांगायचं आहे ते लहानूबद्दल. त्यासाठी आधी डीजे म्हणजे काय ते सांगायला हवं.

खडा मोठा असला किंवा मूत्रपिंड नाजूक असलं की फोडण्याआधी डॉक्टर आत एक बारीक, मऊ नळी घालतात. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत. दोन्ही टोकांना तिला आकडा असतो, इंग्रजी जे अक्षरासारखा, म्हणून ती डबल जे. डॉक्टर लोकांना पूर्ण नाव घ्यायला वेळ नसतो, त्यामुळे आमच्या धंद्यात सगळे तिला डीजे म्हणतात. "पेशंटला डीजे घातला", "डीजे काढायचाय", असं दिवसभर चालतं. नळीमुळे लघवी तुंबत नाही, दुखणं थांबतं आणि रेती अडकायची भीती कमी होते. मात्र ही नळी पाहुणी आहे. ठरल्या मुदतीत ती काढलीच पाहिजे. राहिली तर तिच्यावर क्षार बसतात, नळाच्या तोटीवर बसतात तसे, आणि मग ती आत घट्ट रुतते.

आमच्या भागात हीच मोठी अडचण. दुखणं थांबलं की माणूस बरा झाला. बरा झाला की कामावर. दिवाळी झाली, भात झोडून झालं की पाडेच्या पाडे खाली उतरतात, भिवंडी, वसई, ठाण्याकडे. मोखाड्याच्या बाजूची एक बाई अशीच नळी घेऊन वीटभट्टीवर गेली. आली तेव्हा काही वर्षं उलटली होती. त्या बाजूचं मूत्रपिंड कामातून गेलेलं. "दुखत नव्हता ना, बाय," एवढंच ती म्हणत राहिली. डॉक्टर तिच्यावर ओरडले नाहीत, खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्या बाईला निदान दुसरं मूत्रपिंड होतं.

लहानूला ते नव्हतं. म्हणजे होतं, पण सुकलेल्या खारकेएवढं, जन्मापासूनच निकामी. हे त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. वावर-वांगणीच्या पुढच्या एका पाड्यावरचा हा तिशीतला गडी, भिवंडीला इमारतींच्या कामावर जाणारा. नेमका ऐन कापणीत पोट धरून दवाखान्यात आला, सोबत बायको सकू. लघवी जवळजवळ बंद. सोनोग्राफीत दिसलं की उजवं मूत्रपिंड नावालाच आहे आणि सगळा संसार ज्याच्यावर चाललाय त्या डाव्याच्या तोंडाशी चांगला घसघशीत खडा बसलाय. नशीब असं की डॉक्टर त्या दिवशी जव्हारला होते. त्यांनी तडक डीजे घातला. लघवी वाहू लागली आणि संध्याकाळपर्यंत लहानू उठून बसला.

"आधी मूत्रपिंड सावरू दे. पंधरवड्याने यंत्र पुन्हा आलं की खडा फोडू आणि मग डीजे काढू," डॉक्टरांनी सांगितलं. लहानूने मान हलवली. आमच्याकडे मान हलवणं म्हणजे ऐकू आलं, एवढंच.

पंधरवड्याने तो आला मात्र. अगदी वेळेवर, उपाशीपोटी. त्याला हिरवा गाऊन दिला, बाकावर बसवला. आत माझी पहिली केस चालू होती. तेवढ्यात बाहेरून आमच्या वॉर्डातल्या मावशींचा खणखणीत आवाज आला, "शॉकवाले पेशंट कोण कोण? एका लाइनीत बसा!"

मावशींची काही चूक नाही. आम्ही सगळेच तसं म्हणत होतो. शॉक वेव्ह, शॉक देणे, आज किती शॉक झाले. मी केस संपवून बाहेर आले तर बाकावर लहानू नाही. संडासात नाही, कँटीनला नाही. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "हिरव्या झग्यातला एक जण डेपोच्या दिशेने पळत गेला. मला वाटलं तुम्हीच कशाला तरी पाठवलाय." सकू त्या दिवशी बरोबर आली नव्हती. लहानूची पॅन्ट आमच्या खुंटीवर, त्याचा फोन पॅन्टच्या खिशात, आणि आमची नळी त्याच्या एकुलत्या एक मूत्रपिंडात.

दुपारी हातातल्या केसेस आटोपल्यावर मी त्या पाड्याचं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आलाय तो घरी. झग्यातच आलाय, पोरं हसतायत. पण मॅडम, परवा माणसं न्यायला मुकादमाचा टेम्पो येणार आहे, जातायत सगळे. होळीपर्यंत नाय येत मग."

मी मनात हिशेब मांडला. यंत्र उद्या संध्याकाळी जव्हारहून निघणार. परवा टेम्पो. नळी घेऊन हा भिवंडीला गेला की होळीला आम्हाला काय मिळेल ते मला माहीत होतं. मोखाड्याच्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. मी डॉक्टरांना म्हटलं, "उद्याची शेवटची वेळ लहानूसाठी ठेवा. मी त्याला घेऊन येते."

"आपण दवाखाना आहोत, पोलीस नाही," डॉक्टर म्हणाले. "ज्याला नको त्याला आपण कसं आणणार?"

"त्याला नको नाहीये. तो घाबरलाय. यातला फरक मला कळतो," मी म्हणाले आणि लहानूची पॅन्ट पिशवीत घालून निघाले. जीप मिळाली ती कोंबड्या, खताच्या गोणी आणि माणसं अशी भरलेली. डांबर संपलं तिथे उतरून पुढे चालत गेले. गुडघ्यांनी वाटेत माझी कानउघाडणी केली, पण मी ऐकलं नाही.

खळ्यावर भात झोडायचं काम चाललं होतं. लहानू पेंढ्या आपटत होता, आता अर्धी चड्डी आणि बनियनवर. मला बघताच तो पडवीत शिरला. सकू मात्र कंबरेवर हात ठेवून वाटेत उभी राहिली. ही बारीक चणीची बाई, पण त्या क्षणी तिला ओलांडून जाणं कुणालाच जमलं नसतं.

"तू कोण गं बाय? दवाखान्यातली का?"

"हो. लहानूची पॅन्ट आणलीये."

"ती दे न् जा. तो नाय येत." पॅन्ट तिने घेतली. "तुमी त्याला शॉक देनार व्हते. मना सांगला त्यानं."

"सकू, तो खडा फोडायचा आहे. त्याच्या आत नळी..."

"नळी नाय, डीजे." ती फणकारली. "दाक्तरच बोलला व्हता, पोटात डीजे बसवलाय. सगळ्या पाड्याला ठावं हाय. पोरं त्याला इचारतात, लहानूभाऊ, लग्नाची सुपारी घेतो का? पोटातला वाजव. लाजेनं घराबाहेर पडत नव्हता तो."

मला आधी हसू आलं. बिचारा पंधरा दिवस आपल्या पोटात स्पीकरचा काहीतरी भाग आहे असं समजून वावरत होता आणि आम्ही कुणी त्याला दोन शब्दांत नळी म्हणून सांगितलं नव्हतं. आता बाहेरून त्या मशीनला शॉक द्यायचा म्हटल्यावर तो पळणार नाही तर काय करेल?

लहानू पडवीच्या खांबाआडून बोलला. "बाय, मी भ्यालो नाय. आमचा जान्या माझ्यासंगं व्हता भिवंडीला. ओल्या मशिनीला हात लावला न् चिकटला. मीच लाकडानं त्याला सोडवला. मेला तो. शॉक लागून मेला. मना ठावं हाय शॉक काय असतो."

त्याचा शब्द खरा होता, आमचाच खोटा होता. मराठीत शॉक लागतो तो विजेचाच. इतकी वर्षं मी हा शब्द येता-जाता वापरत होते आणि समोरच्या माणसाला त्यात काय दिसतं याचा मला पत्ता नव्हता. मी खळ्याच्या कडेला बसले. सकूने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. भांडण चालू असलं तरी आमच्याकडे पाणी देतात.

शॉक हा शब्द बाद. मग काय म्हणायचं? लाट म्हणावं तर त्या डोंगरात समुद्र कुणी पाहिला होता? सुरुंग म्हणावं, तर तो परत पळाला असता. आणि मग सकूच्या तोंडून आलेला तो शब्द माझ्या डोक्यात पेटला.

"लहानू," मी म्हटलं, "लग्नात डीजेपुढे उभा राहिलायस कधी? अगदी जवळ?"

"नाचलोय ना!" तो खांबाआडून अर्धा बाहेर आला.

"छातीत काय होतं?"

"ठोका पडतो. धप् धप् असा. आतमधी."

"कोण मारतं तो ठोका? कुणी हात लावतं?"

"हात कोण लावल? आवाजाचा असतो तो."

"त्यात करंट असतो?"

"आवाजात कसला करंट?"

"मग माझं यंत्र तेवढंच करतं. फक्त ठोका देतं. सगळ्या अंगाला नाही, खड्याच्या जागेवर. वीज यंत्रात राहते, तुझ्यापर्यंत नुसता ठोका येतो."

लहानू विचारात पडला. सकू मात्र एकदम भिंतीकडे वळली. "नणंदेच्या लग्नात डीजे आणला व्हता," ती हळू म्हणाली. "या कुडाला लागून ठेवला व्हता. सगळा लिंपण गळून पडला. ह्या बाजूचा. कोणी हात नाय लावला. बाजूला गोधडी टांगली व्हती, तिला काय नाय झाला."

आमच्या प्रशिक्षणात हेच समजवायला दोन दिवस आणि बऱ्याच आकृत्या लागल्या होत्या. मऊ गोधडी लाट झेलते आणि सोडून देते, वाळलेलं कडक लिंपण तडकतं. म्हटलं, "सकू, तुझा नवरा गोधडी. खडा म्हणजे लिंपण."

ती हसली नाही. माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "आधी तू घेशील तो ठोका? माझ्यासमोर? तुझ्या हातावर?"

"घेईन."

"मग चल," ती लहानूला म्हणाली. "सदरा घाल. परवा टेम्पोत बसायचा का नाय ते मागनं बघू." पोरींना तिने सासूकडे सोपवलं, उरलेल्या पेंढ्यांवर प्लास्टिक ओढलं, आणि आम्ही तिघं शेवटच्या जीपने जव्हारला आलो. वाटेत लहानूने मला विचारलं, त्या डीजेला आवाज का येत नाही. मी त्याला नळी समजावून सांगितली. तो खिडकीबाहेर बघून बराच वेळ एकटाच हसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची पाळी आली. मी उशीवर जेल लावलं, सगळ्यात कमी जोर ठेवला आणि आपला तळहात त्यावर धरला. टक्. टक्. टक्. कुणी टिचकी मारावी तसं लागतं. सकूने माझा चेहरा नीट न्याहाळला. मग मला बाजूला सारून स्वतःचा हात ठेवला. डॉक्टर दारात उभे राहून घड्याळ बघत होते, ते घड्याळ बघायचे थांबले.

"ठोकाच हाय," सकूने निकाल दिला. "झोप रे."

लहानू झोपला. मी सकूला क्ष-किरणांपासून वाचवणारा शिशाचा जड एप्रन घालून काचेमागे बसवलं. पडद्यावर खडा पकडला. खडा कडक होता, पहिला बराच वेळ त्याच्यावर ओरखडासुद्धा उठेना. मी जोर हळूहळू वाढवत नेला, कारण एकदम वाढवला तर मूत्रपिंडाला इजा होते, आणि इथे चुकायला दुसरं मूत्रपिंड नव्हतं. लहानूने डोळे मिटून घेतले होते आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं देवाचं नाव घेतोय. कान देऊन ऐकलं तर लग्नातलं गाणं. ठोक्याच्या तालावर!

आणि मध्येच वीज गेली. जव्हारला हे नवीन नाही, पण त्या दिवशी जनरेटरही दोनदा खोकून बंद पडला. यंत्र मुकं, पडदा काळा. गाडीवाला निरोप पाठवत होता की सामान बांधा, घाटात उशीर होतो. डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. म्हटलं, "गाडी थांबेल. मी हलत नाही इथून." लहानूला सांगितलं, "तसाच पडून राहा, कूस बदलू नकोस, नाहीतर पहिल्यापासून नेम धरावा लागेल." तो पडून राहिला. बायकोने काचेवर बोटाने टकटक करून त्याला तंबी दिली. तिसऱ्या खेपेला जनरेटर लागला. आम्ही पुन्हा नेम धरला. थोड्या वेळाने पडद्यावर खड्याची कड पुसट झाली, मग तो पसरला, मग ढेकूळ विस्कटावं तसा विखुरला. डॉक्टर माझ्या खांद्यामागून म्हणाले, "झालं." मी नोकरीत कितीतरी खडे फोडले असतील. या खड्याची रेती मात्र मी पडद्यावर पुन्हा पुन्हा बघत बसले.

टेम्पो लहानूला न घेताच गेला. पुढल्या फेरीला लहानू आणि सकू दोघं आले, आणि एक्स-रे फोटोत मूत्रपिंड स्वच्छ दिसलं. डॉक्टरांनी डीजे काढला आणि लहानूला दाखवला. त्या बारीक निळ्या नळीकडे बघून तो म्हणाला, "हा? पाड्यावरच्या पोरांना दाखवायला दे ना." दिला नाही, नियम असतात.

मग मी त्याला माझं नेहमीचं भाषण दिलं. भरपूर पाणी पी. लघवी पाण्यासारखी स्वच्छ होईपर्यंत पी. नाहीतर खडा पुन्हा होतो, आणि तुझं तर एकच मूत्रपिंड चालतं, तुला ती चैन परवडणार नाही. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "बाय, पाणी पिला तर मुतायला जावं लागतं. मुतायला खाली उतरलो की मुकादम बोंबलतो. म्हणून आमी कामावर पाणी पीतच नाय. कोणीच नाय."

इतकी वर्षं मी माणसांना पाणी प्या म्हणून सांगत आले. ती मान हलवत आली, आणि मला वाटे यांना कळत नाही. सगळं कळत होतं. खडे मी फोडत होते आणि तिकडे खाली मुकादम ते तयार करत होता, बिनबोभाट.

"त्याचा नंबर दे," मी म्हटलं.

मुकादम फोनवर चांगला हसला. "मॅडम, मी साइट चालवतो, पाणपोई नाही. सगळे दर तासाला उतरायला लागले तर स्लॅब कोण भरणार, तुम्ही?" मी मूत्रपिंड, क्षार, मुदत असं काय काय समजावू लागले. तो "हां, हां" करत होता. सकूने माझ्या हातातला फोन काढून घेतला.

"ऐक," ती म्हणाली. "याला एकच किडनी हाय. दुसरी नाय. तू दोनवाला, तुना काय कळल? हा पाणी पिल न् मुतायला पण जाल. जितक्यांदा लागल तितक्यांदा जाल. संगं बाकीचे पण जातील. तुना चालत नसल तर आत्ताच बोल. आमच्या पाड्यावरचा कोणीच तुझ्याकडं ऱ्हात नाय मग."

तिने फोन परत माझ्या कानाशी धरला. मग मुकादम म्हणाला, "बरं. पाठवा."

पाड्यावरच्या इतर कुणाला विचारून सकूने ते शेवटचं वाक्य टाकलं होतं, असं मला वाटत नाही. पण ते लागू पडलं.

निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे वेळच वेळ आहे. दर शनिवारी दुपारी, नेमकी कामाची वेळ बघून, मी मुकादमाला फोन करते. आधी तो उचलत नसे, मग मी पुन्हा करत असे, पुन्हा करत असे. आता तो एक शब्द न बोलता फोन लहानूकडे धाडून देतो. गेल्या शनिवारी मी विचारलं, "काय रे, पाणी प्यायलास का? मुतायला उतरला होतास का खाली?"

"तिथंच उभा हाय, बाय," लहानू वैतागून म्हणाला. "फोन ठेव जरा."